आखडलेली फिल्म

आमच्या प्रयोगशाळेत ऑक्साइडची एक फिल्म आहे, केसाहून कितीतरी पातळ. तिला विद्युतक्षेत्र लावलं की आतले विद्युतभार किंचित एका बाजूला सरकतात आणि क्षेत्र काढलं तरी तसेच राहतात. उलटं लावलं की दुसऱ्या बाजूला. मग स्क्रीनवर आलेखाचं फुगीर पोटाचं वेटोळं उमटायला हवं. आज उमटलं ते मधेच आवळलेलं.

"मॅडम, ही वाया गेली," माझी विद्यार्थिनी ऋचा म्हणाली.

"वाया कसली? आखडलीय. क्षेत्र इकडून तिकडे फिरवत राहा."

ती फिरवत राहिली आणि वेटोळं हळूहळू उघडत गेलं. नव्या फिल्ममध्ये कुठे कुठे काही अडकलेलं असतं. पुन्हा पुन्हा हलवलं की ते सुटतं.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा असाच आखडला होता. नवरा रोज सकाळी माझा हात धरून वर न्यायचा, खाली आणायचा. मी ओरडायचे, त्याला वाट्टेल ते बोलायचे. "झालं बोलून?" म्हणायचा आणि हात पुन्हा वर न्यायचा. असं न कंटाळता हलवणारं माणूस मला मिळालं! चहाचा डबाही त्यानेच खालच्या फळीवर आणून ठेवला होता.

आज घरी आले, तर डबा तिथे नव्हता. वर, जुन्या जागी होता. नवरा पेपरात डोकं घालून बसलेला. मी हात वर केला, डबा काढला आणि दोघांचा चहा टाकला.