ठेच्याचा वास

तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, मी घरी पोचले.

खरं तर मी नाशिकच्या एका दवाखान्यात काचेच्या खोलीत पडले होते. छातीतल्या नळीतून लालसर पिशवी थेंबाथेंबाने उतरत होती. औषधांनी डोकं आधीच हलकं झालेलं, आणि एकदम लसूण! कच्चा, नुकता कुटलेला. डोळे मिटले तर अमळनेरजवळचं माझं माहेर. आई खलबत्त्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण कुटतेय, दारातून कापसाच्या गाडीची धूळ आत येतेय, आणि ती मान वर न करताच म्हणतेय, "हात धोई ये." आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी मात्र हात धुवायला निघालेच होते.

तेवढ्यात आमच्या ह्यांचा आवाज कानावर आदळला. ते सिस्टरशी भांडत होते. "मला सांगता, बाहेरचा चहासुद्धा आणायचा नाही, आणि तुम्हीच माझ्या बायकोला ठेचा खाऊ घालता? तिला पाणीसुद्धा उलटतंय, दिसत नाही का तुम्हाला?"

माय वं! ती केरळची पोरगी, तिला ठेचा म्हणजे काय तेच ठाऊक नाही. शेवटी डॉक्टर आले, हसत हसत समजावून गेले. पिशवीतल्या पेशी गोठवताना त्या टिकाव्यात म्हणून एक औषध घालतात, पेशी अंगात परत सोडल्या की पेशंटच्या श्वासाला त्याचा लसणासारखा वास येतो. हे ओशाळले. मग माझ्याजवळ येऊन नाक वर करून पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "वास मात्र अगदी तुझ्या आईच्या ठेच्याचा आहे हं."

मला झालेला रक्ताचा कॅन्सर हाडांच्या आत बसतो आणि हाडं पोखरतो. पाण्याची कळशी उचलताना पाठीत काडकन आवाज झाला, तिथून ते कळलं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. नुसती औषधं, किंवा ट्रान्सप्लांट. म्हणजे माझ्याच रक्तातल्या मूळ पेशी आधी काढून ठेवायच्या, मग जहाल औषधाने आतलं सगळं साफ करायचं आणि त्याच पेशी परत सोडायच्या. "याने आजार कायमचा जाईल असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "झोपेल. बराच काळ झोपेल अशी आशा."

झोपेल! सासरचे म्हणाले, झोपणाऱ्यासाठी एवढे हाल कशाला? ह्यांचीही इच्छा नव्हती. पण मी मुळातच तोंडाळ. म्हटलं, हाडं माझी आहेत, ठरवणार मी.

आणि हाल झाले, खोटं कशाला बोलू? केस गेले. आपलीच थुंकी गिळता येईना. एका सकाळी तर मी डॉक्टरांना तोंडावर म्हटलं, तुमचं वाटोळं होवो. ते बिचारे बरं म्हणाले आणि तोंडात धरायला बर्फ देऊन गेले.

पण त्यानंतरची वर्षं! आता आठवायला बसलं की ती एका लांबलचक दुपारसारखी वाटतात. चोपड्याकडच्या शेतात केळीच्या पानांखाली हिरवट उजेडात मी पाय पसरून बसलेय, ठिबकचं पाणी टपटपतंय, आणि मला कुठेही जायचं नाहीये. दर थंडीत वांगी भाजली, भरीत केलं. पाचोऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरशी कडाकडा भांडले. नातीच्या वेण्या घातल्या. कोणी म्हणेल, यात काय मोठं? मला मोठं होतं बाई.

डॉक्टर मला विचारून माझा नंबर नव्या पेशंटना द्यायचे. फोन यायचे. मी ठसक्यात सांगायची, करा! मी बघा, मजेत आहे.

मग यंदा हिवाळ्याच्या तोंडाशी रिपोर्ट आला. आजार जागा झाला होता. डॉक्टर म्हणाले, तुमच्या पेशींची दुसरी पिशवी आपण राखून ठेवली आहे, पुन्हा करता येईल. मी म्हटलं, बघू. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. पुन्हा ते तोंड, तो बर्फ, ती काच. नको वाटलं, अगदी नको.

नेमक्या त्याच आठवड्यात धुळ्याहून एक नाना आले, मुलीचा हात धरून. डॉक्टरांनीच माझं नाव सांगितलेलं; त्यांना माझाच आजार, आणि ट्रान्सप्लांट करायचं का ते ठरवायचं होतं. हे मला आत बोलावून म्हणाले, "तुझ्या रिपोर्टचं सांगू नकोस. म्हातारा हबकेल." मी बाहेर आले. नानांनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

"ताई, खरं सांग. पस्तावा होस का?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. म्हटलं, "नाना, माझा आजार परत आलाय."

त्यांची मुलगी रडायला लागली. नाना मात्र माझ्याकडे बघत राहिले. "मंग मी कसाले करू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. मला पस्तावा नाही. जी वर्षं मिळाली ती माझीच होती, फुकट गेली नाहीत."

"पुन्हा करशी का?"

मी त्यांचा गार झालेला चहा पुढे सरकवला. शेवटी म्हटलं, "माले माहीत नही, नाना." मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्या वासाचं सांगितलं. खोलीत ठेच्याचा वास येईल, घाबरू नका. मला तर आई दिसली होती.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मी रोज म्हणायची, बघू. हेही विचारीनात.

मग एका दुपारी मी चुलीवर वांगी भाजत होते, तेव्हा फोन वाजला. आवाज इतका बसलेला की आधी ओळखूच येईना.

"ताई, उना वं. वास उना. लसूणनाच शे."

वास आला, म्हणजे नानांनी केलं! मी हातातला चिमटा खाली ठेवला. विचारलं, "नाना, कोणी दिसलं का?"

"दिसनं," ते म्हणाले. कोण ते सांगितलं नाही. नुसते हसले, मग खोकला आला, आणि मुलीने फोन काढून घेतला.

वांगं एका बाजूने पार जळून गेलं होतं. हे दारात उभे होते. "काय म्हणाले?"

"दवाखान्यात फोन लावा," मी म्हटलं. "म्हणावं, माझी दुसरी पिशवी काढा."

ते हलेचनात.

"आणि या खेपेला त्या सिस्टरशी भांडू नका."

"भांडेन," ते म्हणाले आणि डोळे पुसत खिशातला फोन चाचपू लागले. "परत ठेचा दिला तर भांडेनच."