अंथरूण अथालला, जीव डोकमर्डीत

चिंधाआप्पा बोरसे जन्मात एकदाच बॅट घेऊन मैदानात उतरला, तेही कुणाची तरी राहिलेली बॅट परत द्यायला. पण डोकमर्डीच्या टेनिस-बॉल संघाबद्दल त्याच्यापुढे तोंड उघडायची छाती कॅप्टनलाही नव्हती. बावीस वर्षांपूर्वी धुळ्याकडून तो सिल्वासाला आला, तिथल्या डोकमर्डीत खोली घेतली, धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला चिकटला. फर्स्ट शिफ्ट सुटली की स्वारी डब्यासकट थेट सीमारेषेवर. तिथे बसून मोठ्या गळ्याने एकेकाची हजेरी घ्यायची. सलामीचा सुमित म्हणजे पहिल्यांदा सासुरवाडीला आलेला जावई. तीन षटकं नुसता लाजतो, आणि लाज सुटेस्तोवर आउट. विकेटकीपर स्वप्नीलचे हात लोण्याचे, पण जीभ अशी की समोरचा वैतागून आपणहून विकेट टाकतो. आणि नवनाथ? त्याचं नाव निघालं की आप्पाचा आवाज खाली यायचा.

"तो चेंडू मारत नाही रे. चेंडूला त्याच्या घरी पोचवून येतो."

पावसाळ्यात त्या मैदानात म्हशी डुंबतात. सामने बंद. पण आप्पाचा खरा मोसम तेव्हाच सुरू होई, कारण खेळाडू फुटतात-जुळतात ते याच दिवसांत. इकडचा नियमच तसा आहे. एका वर्षी फायनलला कुणीतरी बाहेरगावचे भाडोत्री फलंदाज उतरवले, स्टंपांनी मारामारी झाली, आणि मग जाणत्यांनी बसून ठरवलं: दसऱ्याच्या दिवशी ज्याचं अंथरूण जिथे, तो वर्षभर तिथला. म्हणजे खेळाडू फोडायचा तर आधी त्याला खोली बघून द्यायची. आणि खोल्यांची खबर आप्पाइतकी कुणाला? कुणाचं बिऱ्हाड हलणार, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या मोरीत पाणी तुंबतं, सगळं त्याला तोंडपाठ. फक्त एक खोड होती. ताक सोडलं तर त्याच्या पोटात काही टिकत नसे.

यंदा त्याचा डोळा होता नदीपलीकडच्या अथाल संघाच्या तुषारवर. चेंडू असा टाकायचा की फलंदाजाला आई आठवावी. घरी आई आणि धाकटी बहीण श्रुती; श्रुतीला कॉलेज लांब पडत होतं. इकडे चिमाबाईच्या चाळीत तळमजल्याची, स्वतःचा नळ असलेली खोली रिकामी होती. आप्पा तिच्या ओट्यावर जाऊन बसला.

"ती नाय द्यायची. एकाला शब्द दिलाय," चिमाबाई म्हणाली.

"कोणाला?"

"नाव सांगू नको बोललाय."

"असा लाजरा भाडेकरू काय कामाचा, चिमाबाई? उद्या नळाला पाणी नाही आलं तरी सांगणार नाही तुम्हाला!"

तीन दिवस तो ओट्यावरून हलला नाही. चौथ्या दिवशी, ओटा मोकळा व्हावा म्हणून म्हणा, तिने किल्ली दिली. तुषार सामानासकट डोकमर्डीत आला आणि आप्पा आठवडाभर छाती काढून हिंडला.

मग बातमी आली, नवनाथ चालला. कुठे? तर अथालला.

आप्पाने त्याला कंपनीच्या गेटवरच गाठलं. "काय ऐकतोय मी हे?"

"काय करू, आप्पा? आखाजीला लग्न झालं, अजून सोनी गावीच आहे. तिला आता आणायचीय. पाच पोरांच्या खोलीत तिला कुठे ठेवू? चिमाबाईची खोली धरून ठेवली होती, ती ऐनवेळी गेली. अथालची एक रिकामी झाली, तुषारची. तीच मिळाली."

आप्पाच्या हातातला डबा खाली आला. "अरे, मग मला का नाही बोललास?"

"तुम्हाला?" नवनाथ हसला. "सोनी गाडीत बसायच्या आत तिच्या साडीचा रंग अख्ख्या डोकमर्डीला कळला असता."

त्या दिवशी आप्पा भाकरी पुढ्यात घेऊन नुसता बसला. कोंडाबाईने बायकोच्या नजरेने ओळखलं. "काय व्हयनं? तोंड काबर उतरेल शे?"

त्याने सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, मग थांबली. "आपुन जाऊत अथाले. त्या पोरीले आठे ऱ्हाऊ द्या."

"मी? अथालला? त्यापेक्षा दमणगंगेत उडी घेतो!"

"अथालनाच रस्तावर शे ती. चला, जाता जाता उडी मारी ल्या."

तिची मावसबहीण अथालला राहते, तीही तुषारच्या त्या खोलीपासून दोन घरं सोडून, हे कोंडाबाईने त्यात आणलं नाही. ते आपल्यातच राहू द्या.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी टेम्पोत भांडी चढली. नवनाथचं अंथरूण आप्पाच्या खोलीत पडलं, आप्पाचं तुषारच्या जुन्या खोलीत. अथालच्या कॅप्टनने त्याला हार घातला. "नियम म्हणजे नियम, आप्पा. आता तुमचा गळा आमचा!"

"नियम खेळाडूला आहे. गळ्याला नाही," आप्पा म्हणाला आणि हार कोंडाबाईच्या देवाला वाहिला.

जानेवारीत नेमका पहिला सामना लागला डोकमर्डी-अथाल. चार दिवस आधी नवनाथ शिफ्टवरून आप्पाला बाजूला घेऊन गेला. डावा अंगठा टम्म सुजलेला. "कॅच घेताना गेला. कॅप्टनला नाही सांगितलं, सोनीला नाही. तुम्हालाच सांगतोय. खोली दिलीत तुम्ही."

"मला कशाला सांगितलंस रे बाबा!" आप्पा कळवळला. "मी राहतो कुठे, ठाऊक आहे ना?"

ते चार दिवस कसे गेले ते आप्पालाच माहीत. अथालचे बोलर चहाच्या टपरीवर विचारत, "काय आप्पा, नवनाथ फॉर्मात?" आणि आप्पा तोंडात अख्खं भजं कोंबून मान हलवी. घरी तो मुका. नवरा आजारी पडला असं समजून कोंडाबाईने त्याला दोनदा काढा पाजला.

सामन्यात नवनाथने अंगठ्याच्या पट्टीवर ग्लोव्ह चढवला. अथालवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी सगळे चेंडू आपटून छातीपर्यंत उठवले असते, थेट अंगठ्यावर. कळलं नाही, पायापाशी टाकत बसले, आणि नवनाथने पाच चेंडू त्यांच्या त्यांच्या घरी पोचवले. शेवटचं षटक तुषारने टाकलं, जुन्या दोस्तांना. डोकमर्डी चार धावांनी जिंकली.

घरी जायला आप्पाला टेम्पो एकच, अथालच्या संघाचा. हरलेली पोरं माना खाली घालून बसलेली. पूल यायच्या आधीच आप्पाने खाकरून घसा साफ केला. "आता सांगायला हरकत नाही. त्या नवनाथचा अंगठा आहे ना..."

"काय? तुम्हाला ठाऊक होतं? चार दिवस?" कॅप्टन ओरडला. "थांबव रे टेम्पो! उतरवा या म्हाताऱ्याला!"

उतरवला. टेम्पो पुढे गेला, वीसएक पावलं जेमतेम. मग मागच्या फळीवरून एकाने हाक दिली, "अरे घ्या रे त्याला परत! अंगठ्याचं पुढे काय झालं?"