मालनबाईला नोटीस आली नाही

आधी एक सांगा, मोबाइल चालू नाही ना तुमचा? उलटा करून ठेवा तो टेबलावर. रागावू नका, पण गुरचरणाचं प्रकरण झाल्यापासून कुणी मालनबाईचं नाव काढलं की माझ्या मनात पहिलं येतं, हा कुणाचा माणूस? गावाचं नाव मी सांगणार नाही. चौककडून कर्जतला जाताना आत वळलं की आहे कुठंतरी. मी छाया, हायवेला माझं चहा-वड्याचं दुकान आहे, एवढं पुरे.

मालनबाई बौद्धवाड्यातली. नवरा लवकर गेला, पोरगा प्रीतम खोपोलीला एका कारखान्यात कंत्राटावर. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की या बांधावरून त्या बांधाला जायचा. भातलावणीची टोळी तीच धरायची. वीस-बावीस बायका, बौद्धवाड्यातल्या, आमच्या कुणबीवाड्यातल्या, सगळ्या तिच्या शब्दावर. कुणाची कंबर धरलीय, कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा मारतो, सगळं तिला ठाऊक. माझ्या बाळंतपणानंतरच्या पहिल्या लावणीला तिनं मला चिखलात उतरूच दिलं नाही. "तू बांधावर बस नि रोपांच्या मुठी फेक गं," म्हणाली. "रोज तुला पुरा मिळंल. कोण बोलतंय ते मी बघते."

मग गावचं गुरचरण गोदामांसाठी द्यायचं वर कुणीतरी ठरवलं. आम्हाला विचारलं कुणी? एका सकाळी गुरं सोडायला गेलो तर खांब रोवलेले. मालनबाईनं लावणीची टोळी जशीच्या तशी नेऊन गुरचरणात बसवली. आठवड्याभरात अख्खं गाव बसलं. सकाळी कोण, दुपारी कोण, भाकऱ्या कुणाच्या घरून, सगळ्या पाळ्या तिनंच लावल्या. आमचं बघून शेजारची चार गावं बसली, तेव्हा वरच्यांना घाम फुटला.

पहिल्यांदा लाठ्या चालल्या. माझ्या कोपरात अजून कळ येते. पण लाठ्यांनी काय झालं? दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं. ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं ते मांडीला मांडी लावून जेवायला बसले. मारलं की आम्ही एक होतो, हे वरच्यांना तेव्हाच कळलं असणार, कारण लगेच कचेरीत नवा साहेब आला. मऊ बोलणारा, मावशी-ताई करणारा. कुठली कचेरी ते विचारू नका. मला असल्या गोडबोल्याची लाठीपेक्षा जास्त भीती वाटते.

एका सोमवारी धर्माजी कागदांचा गठ्ठा घेऊन आला. हा आमचा कोतवाल, कचेरीचे कागद घरोघर पोचवणारा, तोही बौद्धवाड्यातलाच. चॅप्टर केसच्या नोटिसा होत्या. तुम्ही शांतता बिघडवणार असा संशय आहे, अमुक तारखेला हजर राहा. एक्केचाळीस जणांना, गुरचरणात रोज बसणाऱ्या सगळ्यांना. माझ्या सासऱ्यांनासुद्धा आली. ऐंशीचं म्हातारं माणूस, गुरचरणात नुसतं सावलीला झोपायला जायचं, ते काय शांतता बिघडवणार, कपाळ? मला आली. टेंपो चालवणाऱ्या प्रवीणला आली, तो आमच्या भावकीतला. मालनबाईला आली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. "बाई, तुमाला इसरले वाटतं!" तीही हसली. तिसऱ्या दिवशी कुणी हसेना.

"जिनं गाव बसवलं तिलाच नोटीस नाय?" प्रवीण माझ्या दुकानात येऊन म्हणाला. "डोकं चालव जरा, वयनी. प्रीतम याच महिन्यात पर्मनंट झाला. नि नोटिसा वाटणारा कुणाच्या वाड्यातला?"

प्रीतम आठ वर्षं त्या पर्मनंटची वाट बघत होता, हे मला माहीत होतं. धर्माजीनं स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या हातात नोटीस ठेवली, हेही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी म्हटलं, "हां रं, कायतरी हाय खरं." वाड्याची गोष्ट निघाली तिथंच त्याला गप्प करायला हवा होता मी. नाही केला.

मालनबाईच्या कानावर गेलंच. ती तडक दुकानात आली. "चल गं छाया, कचेरीत जाऊ. माझी नोटीस मागून घेते."

मी गेले. खरं सांगू? सोबत म्हणून नव्हे. ही तिथं कुणाशी कशी बोलते ते बघायला गेले.

आत शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "सायेब, माझी नोटीस कुठाय?"

साहेब उठून उभा राहिला. अहो, उभा! तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "मालनताई, तुमच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. सहकार्य असंच राहू द्या."

"कसलं सहकार्य? पयल्या दिवसापासनं बसलेय मी तिथं. लिवा माझं नाव."

"चहा घ्या, गार होतोय."

तिनं कपाला बोट लावलं नाही. पण शिपायानं दारातून फोटो काढला तेव्हा कप तिच्या हाताशीच होता आणि साहेब हसत होता. संध्याकाळपर्यंत फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर. फोटोत मी नव्हते. सगळे मला विचारायला लागले, तू होतीस ना, काय झालं आत? एवढंच बोलायचं होतं, तिनं नाव लिवा म्हटलं, चहासुद्धा घेतला नाही. पण मग प्रवीण म्हणाला असता, ही पण त्यांच्यातलीच. मी म्हटलं, "मी भायेर व्हते."

त्यानंतर गुरचरणात ती भाकऱ्या घेऊन यायची आणि टोपली तशीच परत न्यायची. ती जवळ आली की बोलणं थांबायचं. मग लोकांनी एकमेकांसमोरही बोलणं कमी केलं.

तारखेला आम्ही एक्केचाळीस जण कचेरीत हजर. साहेबानं एकेकाला वेगळं आत घेतलं. मला म्हणाला, "तुमच्यातलंच माणूस आम्हाला सगळं सांगतं, छायाताई. तुम्ही कशाला अडकता? सही करा आणि घरी जा." कागदावर लिहिलं होतं, वर्षभर कुठल्याही जमावात सामील होणार नाही. मी सही केली. सगळ्यांनी केली. बाहेर आल्यावर कुणी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

त्याच दिवशी दुपारनंतर धर्माजी दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला, मग हळूच म्हणाला, "छायाबाई, नोटिसा बेचाळीस टाइप झाल्या व्हत्या. मालनची सायबानं माझ्यासमोर काडली नि खणात ठेवली. म्हनला, ही एक नाय दिली म्हंजे बाकीच्यांचं आपोआप व्हतंय."

"मग तवाच का नाय सांगितलंस?"

"माझ्यावर कोन इश्वास ठेवणार व्हतं? तुमी तरी ठेवताय का?"

मी कढई घासत राहिले. हा आत्ता का सांगतोय, याला कुणी पाठवलं, हेच माझ्या डोक्यात. तो चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरचरणात जेसीबी आला, मागं पोलिसांच्या दोन गाड्या. मालनबाई एकटी तिथं बसलेली. रोज बसणाऱ्यांत सही न केलेली तीच एक होती ना! आम्ही सगळे बांधावर उभे. तिनं एकदाही हाक मारली नाही. मारली असती तर कदाचित दोन पावलं मी पुढं टाकली असती, असं मी स्वतःला सांगते. चार महिला पोलिसांनी तिला ओढलं. हात मागं पिरगळला तशी ती ओरडली. लुगडं फाटलं, एका पायातली चप्पल गेली. भिवपुरीला बहिणीकडं राहते ती आता, तो हात अजून वर होत नाही म्हणतात.

तिला गाडीत कोंबत होते तेव्हा प्रवीण माझ्या कानाशी लागला. "बघ, कसं नाटक चाललंय. ठरवून केलंय सगळं."

आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, मान हलवली. नुसती हलवली नाही. म्हटलं, "तर काय. मला आधीपासूनच वाटत व्हतं."