इथेन की इथीन?

"मॅडम, टेट्राक्लोरोइथेननं लिव्हर जातं ना?"

फोनवर डॉ. सोमलवार होते. वणीत त्यांचा छोटा दवाखाना आहे. मी इथल्याच ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते.

"हो, फार विषारी. कोणाला काय झालं?"

सलीमभाई म्हणून मिस्त्री. खोली बंद करून ट्रकचे पार्ट सॉल्व्हंटनं धूत होते, भोवळ येऊन पडले. आता शुद्धीवर होते, पण उलट्या थांबत नव्हत्या. डब्यावरचं नाव त्यांच्या भावानं, रफिकनं, गॅरेजमधून वाचून दाखवलं होतं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून नागपूरसाठी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती.

मला शंका आली. हे रसायन आता गॅरेजात सहसा दिसत नाही. मी रफिकचा नंबर घेतला.

क्लोरीन, ब्रोमीन ही हॅलोजन मंडळी नावात आधी येतात. टेट्राक्लोरो म्हणजे चार क्लोरीन. ते कशाला चिकटलेत, हे नावाचा शेवट सांगतो. इथेनमध्ये दोन कार्बन एका बंधानं जोडलेले असतात, इथीनमध्ये दोन बंधांनी. इथेनवालं लिव्हर खातं. इथीनवालं ड्रायक्लीनिंगला वापरतात. त्याच्या वाफेनं माणूस पडतो, पण वेळेत मोकळी हवा मिळाली तर बहुतेकदा सावरतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा. आणि इथीनचं स्पेलिंग आपला माणूस 'इथेन' असंच वाचणार.

"रफिकभाई, टी-एचच्या पुढं कोणतं अक्षर आहे? ए की ई?"

"ग्रीस लागून राह्यलं न मॅडम तिथं. ए बी वाटते, ई बी वाटते."

"नावाच्या आधी आकडे आहेत?"

"आकडे तं नाही. काहून?"

इथेनवर क्लोरीनला सहा जागा असतात. चार भरल्या तर कोणत्या, ते आकड्यांनी सांगावं लागतं. इथीनवर जागाच चार. सगळ्या भरल्या की आकडे लागत नाहीत. मला जरा हायसं वाटलं. पण लेबल छापणारे आकडे गाळतातही. तेवढ्यावर कोणाचं लिव्हर कसं सोडायचं?

"झाकण लावा, हुंगू नका. लेबल पुसून फोटो पाठवा."

फोटो आला. ई होता. खाली बारीक अक्षरांत परक्लोरोइथिलीन, म्हणजे त्याचंच बाजारातलं नाव. मी खुर्चीत बसले, तेव्हा कळलं की इतका वेळ उभीच होते.

"डॉक्टर, इथीन आहे."

"पक्कं?"

"पक्कं. फोटो पाठवलाय."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग प्रवासात हाल कशाला करायचे! इथंच ठेवतो. लिव्हरच्या टेस्ट मात्र करतोच."

टेस्ट नॉर्मल आल्या. मी भेटायला गेले तेव्हा सलीमभाई चहा पीत बसले होते. त्यांची बायको म्हणाली, "मॅडम, आता खिडकी उघडल्याशिवाय कामाले बसूच नाही देत मी यायले."

वर्गात पोरं अजून म्हणतात, एकच तर अक्षर चुकलं, अर्धा मार्क द्या ना. मी देत नाही.