फेलिया हत्तींवर प्रेम करायला जाते

लुआंग्वा नदीकाठच्या फेलिया सकालाचं हत्तींशी जुनं वैर. कणसं भरू लागली की हत्ती येणार, आणि ही विधवा बाई पातेल्यावर झाकण बडवत, त्यांचा सात पिढ्यांचा उद्धार करत बांधावर उभी राहणार, हे ठरलेलं. त्यामुळे परदेशी पाहुण्यांना जंगल दाखवणाऱ्या कॅम्पने जेव्हा गावकऱ्यांना प्राण्यांबद्दल प्रेम वाटावं म्हणून जंगलात पायी फेरी काढायची ठरवली, तेव्हा पहिलं नाव तिचंच निघालं.

"प्रेमाचं राहू दे," ती म्हणाली. "खायला काय आहे?"

"मध्ये थांबून चहा आणि केक," तिचा भाचा योबे म्हणाला. तो त्याच कॅम्पात वाटाड्या होता.

फेरीच्या दिवशी फेलिया चर्चच्या महिला मंडळाचा लालभडक झगा घालून हजर. योबे कळवळला. "आत्या, मळकट रंगाचं घाल म्हटलं होतं ना?"

"मळकट मी रोजच घालते. आज पाहुणी आहे."

पुढे बंदूकवाला म्वाले, त्याच्या मागे योबे, मग गावातली चार वडीलधारी माणसं, त्यांच्यात प्रेम कसं उगवतं ते बघायला आलेली कॅम्पची मालकीण बार्बरा मॅडम, आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला गडी. नदीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारणारा योबे इथे मयताला आल्यासारखा कुजबुजत होता.

"ही बघा हत्तीची लीद. फोडली की त्याने काय खाल्लं ते कळतं."

"कशाला फोडतोस? माझाच मका आहे तो."

पुढच्या वळणावर झाडीतून खरोखरचा हत्ती निघाला. योबेने हात वर केला. म्वालेने बंदूक खांद्यावरून उतरवली. सगळे खांबासारखे उभे. क्षणभर फेलियाही थबकली, पण इतक्या वर्षांची सवय तोंडावर आलीच. तिने गड्याच्या हातातली पत्र्याची थाळी हिसकावली आणि हातातल्या काठीने बडवायला लागली. "निघ इथून, चोरट्या. पोट आहे की कणगी तुझं?"

हत्तीने कान पसरले, जरा विचार केला आणि अब्रू सांभाळत, पण भराभर, नदीकडे निघून गेला. थाळीतला केक मातीत पडला, त्याचं मात्र तिला वाईट वाटलं.

"फेलिया, तो नुसता आपल्याकडे बघत होता," मॅडम पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाल्या.

"माझ्याकडेही आधी असंच बघतो, मॅडम. मग जेवायला बसतो."

मॅडमनी आठवडाभर विचार केला आणि शहाण्या मालकिणीने करावं तेच केलं. फेलियाला नोकरीवर घेतलं. खाकी शर्ट दिला आणि फेरीत पाहुण्यांना चहा ओतायचं काम दिलं.

औषध लागू पडलं. थोड्याच दिवसांत फेलिया पाण्याच्या पंपावरही कुजबुजू लागली. शेजारच्या तिसाउकेला म्हणाली, "लाल नको गं नेसत जाऊ. जनावरं बिचकतात." हत्तीने तिसाउकेचा भोपळ्याचा वेल तुडवला, तेव्हा सांत्वनाला जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "तो आपल्या आधीपासून इथला आहे, बाई. आपणच त्याच्या वाटेत घरं बांधली."

"आणि तुझा मका खात होता तेव्हा?"

फेलियाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तेव्हा मला पगार नव्हता."

तरी गावाने बैठक घेऊन तिलाच मॅडमकडे धाडलं. दोन्हीकडची ओळख असलेली ती एकटीच. मागणी साधी होती: कुंपणाला तार आणि हत्तींना ठसका लावायला मिरच्या. मॅडमनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, डोळेही पुसले. संध्याकाळी फेलिया डोक्यावर गठ्ठा घेऊन परतली. त्यात हत्तींच्या फोटोंची कॅलेंडरं होती, घरटी एक.

तिसाउकेने आपलं कॅलेंडर शेताच्या कोपऱ्यातल्या खांबाला ठोकलं, तोंड जंगलाकडे करून.

"तिकडे कशाला?" फेलियाने कुजबुजत विचारलं.

"तारीख कळू दे त्याला. मका झाला का बघायला बिचारा उगाच हेलपाटे घालतो."

फेलिया हसत सुटली. कितीतरी दिवसांनी गावभर ऐकू जाईल अशी हसली, आणि मग मान वळवून योबे जवळपास नाही ना, ते बघून घेतलं.