एक जूनचे गुरुजी

एक जूनला आमच्या गावात शुभेच्छांचा पूर येतो. चाळिशी ओलांडलेल्या जवळपास प्रत्येकाचा वाढदिवस त्याच दिवशी. पारावर एकच बॅनर लागतो आणि त्यावर साठ फोटो. या सगळ्यांना कागदोपत्री जन्म दिला तो आमच्या वडिलांनी, भागवत गुरुजींनी.

मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत अण्णांनी तेहतीस वर्षं काढली. जूनमध्ये बाया पोरांना ओढत आणायच्या. जन्मतारीख विचारली की, "ज्वारी काढायला आल्ती, तवाचा हाय," एवढंच उत्तर. मग अण्णा पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. एक जून लिहायचं, पुढच्याला बोलवायचं. इतकं शास्त्रशुद्ध काम. लहानपणी अण्णांचाही कान कुणीतरी असाच मोजला होता, म्हणून तेही एकतीस मेला निवृत्त झाले. त्या दिवशी तालुक्यात इतके मास्तर घरी बसले की फुलवाल्याकडे हार उरले नाहीत.

अपवाद एकच. मी, दयानंद, त्यांचा एकुलता एक मुलगा. माझी तारीख त्यांनी खरी लिहिली, एकोणीस मार्च. प्रामाणिकपणाचा झटका माणसाला नेमका स्वतःच्या पोराच्या वेळी येतो.

पोलीस भरतीसाठी मी दोन वर्षं रोज धावत होतो. जाहिरात आली. वय मोजायचं होतं एकतीस मार्चला, आणि मी बारा दिवसांनी म्हातारा निघालो. माझ्याहून वर्षभरानं मोठा असलेला सोमेश मात्र एक जूनच्या कृपेनं तरुण ठरला आणि शिपाई झाला. मी लातूरला झेरॉक्सचं दुकान टाकलं. आता दिवसभर लोकांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती काढतो.

अण्णांना मी एकदाच विचारलं, "माझीच तारीख का खरी?" ते म्हणाले, "होती तशी लिहिली." त्यानंतर वीस वर्षं मी त्यांच्याशी गोळ्या संपल्या का, लाईटबिल भरलं का, एवढंच बोललो.

यंदा अण्णा गेले. तेराव्याला सोमेश आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला. "गुरुजीमुळं आमच्या घरी चूल पेटली, दया."

"हाव," मी म्हणालो, "माझीच तेवढी विझली."

मायनं ते ऐकलं. सोमेश गेल्यावर तिनं मला जवळ बसवलं.

"तुझ्या वक्ताला म्या दोन दिस दवाखान्यात अडले होते. डॉक्टर म्हनला, दोघातलं एकच वाचंल. तुझे अण्णा बाहेर उनात हुबे. तू रडलास तसं त्यांनी खिशातल्या कागदावर तारीख लिहून घेतली. शाळेत नाव घालताना म्याच म्हनले, एक जून घाला. तर म्हनले, बाकीच्याच्या तारखा म्या दिल्या, ही मला मिळाली हाय. हिला हात लावणार न्हाई."

गावाला पाढे, कविता, पत्रलेखन शिकवणाऱ्या या माणसाला एवढं एक वाक्य पोराला सांगता आलं नाही. आणि मीही पुन्हा विचारलं नाही. नोकरीचं दुःख तिथंच संपलं, ती वीस वर्षं मात्र आता मला कुणीच परत देणार नाही.