तळ्यातली होडी

दादाने सावंतवाडीला तळ्यासमोरची खोली घेतली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एरवी हा माणूस मुंबईहून गावी आला तरी बाबांना मालवणच्या बाजारापर्यंतही नेत नाही. आणि आता म्हणे दोन दिवस तळं बघू, राजवाडा बघू, आराम करू. मी मे महिन्यात माहेरी आलेली. मीही लगेच पिशवी भरली.

बाबांचा सगळा जीव त्यांच्या होडीत. सत्तरी उलटली, गुडघे गेले, मासेमारी सुटली, तरी रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन तिला हात लावून यायचे. दादाला ती विकायची होती. कागदोपत्री ती त्याच्याच नावावर, पण विकण्याचं नुसतं नाव काढलं की बाबा भरल्या ताटावरून उठायचे.

सकाळी आम्ही तळ्याकाठी रमतगमत फिरलो. बाबांनी दिसेल त्याला नावं ठेवली. "लाट नाय, भरती नाय, हेका पाणी कोण म्हणता?" पायडल मारायच्या हंसाच्या होड्या बघून तर ते थुंकलेच. "हेच्यापेक्षा आमची न्हाणी बरी." दादा हसत होता. जरा जास्तच हसत होता, आणि सारखा फोन बघत होता.

तळ्यासमोरच्या खेळण्यांच्या दुकानात मी लाकडी केळी, आंबे निवडत होते, तेव्हा बाबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकरवरच बोलतात. पलीकडे वेंगुर्ल्याकडचा कोणी अनोळखी मच्छीमार होता. बाबांचा नंबर त्याला किनाऱ्यावर कोणीतरी दिला असणार.

"काका, आमी होडी न्हेवक इलंव. तुमी खंय आसात? तुमच्या हातचो नारळ फुटल्याशिवाय आमी तिका हात लावचंव नाय."

आमच्याकडे होडी विकली जाते तेव्हा, कागद कोणाच्याही नावावर असो, तिच्यावर आयुष्य काढलेल्या जुन्या धन्याने नारळ फोडून तिला निरोप द्यायचा असतो. त्याशिवाय नवा धनी तिच्यात पाय ठेवत नाही. दादाने बापाला लांब न्यायचं बेतलं, गिऱ्हाईक ठरवलं, आणि नेमका नारळ विसरला. मच्छीमाराच्या पोटी जन्मून!

बाबा दुकानाच्या पायरीवर खालीच बसले. दादाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्या शहाण्याने त्यातूनही वाट काढली. समोरून नारळ घेऊन आला. "बाबा, हयच फोडा. मी तेंका फोनार दाखवतंय."

मला वाटलं, नारळ त्याच्याच डोक्यात बसणार. बसला असता तर मला वाईट वाटलं नसतं. पण दादाने लावलेल्या व्हिडिओ कॉलवर होडी दिसत होती, आणि तिच्या बाजूला ती परकी माणसं चपला काढून उभी होती. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग तळ्याच्या पायरीवर त्यांनी एका घावात नारळ फोडला, फोनला हात जोडले. "सांभाळून जा गो बाये."

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाला, चला, आता जेवूया.

"जेवण मगे," बाबा म्हणाले. "माका त्या होडयेत बसव."

भर दुपारी दोघं हंसात बसले. बाबांचा एक हात सुकाणूवर, पाय वर घेतलेले. पायडल एकट्या दादाने मारायची. वेळ संपल्याची शिट्टी झाली की बाबा मला ओरडून सांगायचे, "चेडवा, आणखी एक तिकीट काढ." मी काढत होते. दादाचा शर्ट भिजून अंगाला चिकटला, तोंड लालबुंद झालं. मला त्याची जराही कीव आली नाही. उलट बरं वाटत होतं.

शेवटी तो रडायलाच लागला. "बाबा, चुकलंय मी. पाय दुखतत, पुरे आता."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते नजर पाण्यावर ठेवून बोलले, ते मला काठावर ऐकू आलं.

"थांबतंस कित्याक, झिला? मार पाय. माका आता दुसरी होडी नाय."